ऑस्कर द ग्राउच : कचऱ्याच्या डब्यातील शेजारी

लहान मुलांच्या कार्यक्रमांतील पात्रे बहुधा हसतमुख असतात. ती मुलांचे स्वागत करतात, गाणी म्हणतात आणि निरोप घेताना पुन्हा भेटण्याचे वचन देतात. 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकी कार्यक्रमातील ऑस्कर मात्र कोणी दार वाजवले की डब्याचे झाकण वर करतो, आलेल्याला चालते व्हायला सांगतो आणि झाकण धाडकन बंद करून घेतो. झिपरी हिरवी लव, दोन्ही डोळ्यांवरून सलग गेलेली जाड तपकिरी भुवई आणि पत्र्याचा ठेचाळलेला कचऱ्याचा डबा हेच घर, अशी त्याची ओळख आहे. १० नोव्हेंबर १९६९ रोजी कार्यक्रमाचा पहिला भाग प्रक्षेपित झाला, तेव्हापासून हा शेजारी तेथेच मुक्काम ठोकून आहे. या अर्धशतकाहून अधिक काळात त्याचा स्वभाव सुधारलेला नाही. तो सुधारू नये, हीच त्याच्या निर्मात्यांची योजना होती.

'ग्राउच' म्हणजे सदा कुरकुरणारा, तिरसट माणूस. मुंबईच्या बोलीत ज्याला 'खडूस' म्हणतात, त्याच्या जवळ जाणारा हा शब्द आहे. सेसमी स्ट्रीटच्या विश्वात ग्राउच ही स्वतंत्र जमातच आहे. तिच्या आवडीनिवडी, रीतिरिवाज इतरांच्या नेमके उलटे आहेत.

संशोधनातून जन्म

ऑस्करच्या जन्मामागे लहरीपेक्षा संशोधनाचा वाटा मोठा आहे. जोन गँझ कूनी व लॉइड मॉरिसेट यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये 'चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप' ही संस्था स्थापन झाली. शाळेत जाण्यापूर्वीच मागे पडणाऱ्या गरीब वस्त्यांतील मुलांना दूरचित्रवाणीच्या साहाय्याने अक्षरे, अंक आणि व्यवहार शिकवावेत, हा तिचा उद्देश होता. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेरल्ड लेसर हे तिच्या सल्लागार मंडळाचे प्रमुख होते. कल्पित आणि वास्तव यांची सरमिसळ झाल्यास लहान मुले गोंधळतील, असे तज्ज्ञांचे मत पडले. त्यानुसार रस्त्यावरच्या प्रसंगांत केवळ माणसे आणि बाहुल्यांचे प्रसंग संपूर्णपणे वेगळे, अशी आखणी करण्यात आली.

१९६९ च्या उन्हाळ्यात तासाभराचे पाच नमुना भाग तयार करून फिलाडेल्फियातील मुलांना दाखवण्यात आले. लक्ष मोजण्याची पद्धत साधी पण कठोर होती. दूरचित्रवाणी संचाशेजारी दुसरा पडदा ठेवून त्यावर दर साडेसात सेकंदांना नवे चित्र दाखवायचे आणि मुलाची नजर कार्यक्रमावरून केव्हा ढळते याची नोंद करायची. बाहुल्या दिसल्या की मुले खिळून राहत आणि रस्त्यावरची माणसे बोलू लागली की त्यांचे लक्ष उडे, असे या चाचण्यांत आढळले. रस्ता हाच कार्यक्रमाचा कणा असल्याने निर्मात्यांपुढे पेच उभा राहिला. अखेर तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून बाहुल्यांना माणसांच्या वस्तीत राहायला आणण्याचे ठरले. बाहुलीकार जिम हेन्सन यांनी त्यासाठी घडवलेल्या पात्रांत दोन प्रमुख होती : आठ फुटांहून उंच, भाबडा बिग बर्ड आणि चिडका ऑस्कर.

उपाहारगृहातील वेटर आणि टॅक्सीचालक

ऑस्करच्या स्वभावाचे मूळ न्यूयॉर्कमधील एका उपाहारगृहात सापडते, असे सांगितले जाते. हेन्सन आणि दिग्दर्शक जॉन स्टोन तेथे जेवायला जात. तेथील एका वेटरचा उद्धटपणा इतका अस्सल होता, की दोघांना त्याची गंमतच वाटू लागली. त्या उपाहारगृहाच्या नावातही 'ऑस्कर' होतेच. या पात्राला गटारात ठेवावे, असा विचार आधी झाला होता. तो फारच किळसवाणा वाटल्याने कचऱ्याच्या डब्यावर तडजोड झाली.

आवाजाची कथा वेगळी आहे. ही भूमिका कॅरोल स्पिनी यांच्याकडे आली. पात्राचे बोलणे कसे असावे, या विवंचनेत ते कामावर निघाले असता टॅक्सीचालकाने खास ब्राँक्सच्या खरखरीत ढंगात 'कुठं जायचंय?' असे विचारले. स्पिनी वाटभर तो सूर मनात घोळवत राहिले आणि ऑस्करला कायमचा आवाज मिळाला.

पहिल्या वर्षी ऑस्कर नारिंगी होता. दुसऱ्या पर्वात तो हिरवा होऊन अवतरला. दलदलीच्या ठिकाणी सुटी घालवल्याने रातोरात आपला रंग पालटला, असा खुलासा त्याने स्वतःच केला.

डब्यातील संसार

बाहेरून एका माणसाला जेमतेम पुरेल असा हा डबा आतून मात्र अफाट आहे. त्यात पोहण्याचा तलाव आहे, पियानो आहे आणि एक हत्तीही आहे. ऑस्करचे खरे प्रेम स्लायमी नावाच्या इवल्याशा गांडुळावर आहे. हा स्लायमी १९९८ मधील एका दीर्घ कथानकात थेट चंद्रावर जाऊन आला. ग्रंजेटा ही ऑस्करची मैत्रीण त्याच्यासारखीच तिरसट आहे. कचऱ्यावरील प्रेम व्यक्त करणारे त्याचे गाणे जेफ मॉस यांनी लिहिले. सेसमी स्ट्रीटच्या सर्वपरिचित गाण्यांत त्याची गणना होते.

ऑस्करचे तर्कशास्त्रही पाहण्यासारखे आहे. पाऊस पडला, बेत फसला, कोणी भांडले की तो खूश होतो. पण खूश होणे ग्राउचला शोभत नाही, म्हणून तो पुन्हा चिडतो; आणि चिडणे त्याला आवडत असल्यामुळे पुन्हा खूश होतो. चार वर्षांच्या मुलाला हा गुंता बरोबर कळतो आणि आपल्याला तो कळला याचाच त्याला आनंद होतो.

खडूसपणाला जागा

सेसमी स्ट्रीटची गल्ली मुळातच भिन्नतेचा पुरस्कार करणारी होती. गॉर्डन आणि सुझन हे कृष्णवर्णीय दांपत्य, गोरे दुकानदार मिस्टर हूपर आणि पुढे आलेली लॅटिन अमेरिकी वंशाची मारिया व लुईस तेथे गुण्यागोविंदाने नांदत. याच कारणाने १९७० मध्ये मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी आयोगाने कार्यक्रम न दाखवण्याचा निर्णय घेतला होता. टीका होताच तीनेक आठवड्यांत तो मागे घ्यावा लागला. ऑस्करमुळे या भिन्नतेत स्वभावाच्या भिन्नतेची भर पडली. वर्ण किंवा भाषा वेगळी असलेला, पण गोड बोलणारा शेजारी स्वीकारणे तुलनेने सोपे असते. ज्याला आपला सहवासच नको आहे, त्याच्याशी सभ्यपणे कसे वागावे, हा धडा अधिक अवघड. गल्लीतील माणसे ऑस्करला हुसकावून लावत नाहीत आणि त्याला सुधारण्याचा ध्यासही घेत नाहीत. ती त्याला हाक मारतात, त्याची बोलणी ऐकतात, वेळप्रसंगी सुनावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारतात.

तिरसटपणाला मुभा असली, तरी त्याला मर्यादा आहे, हे १९७८ च्या नाताळ विशेष कार्यक्रमात दिसले. एवढा लठ्ठ सांताक्लॉज अरुंद धुराड्यातून उतरतोच कसा, असे विचारून ऑस्करने बिग बर्डच्या मनात भेसूर शंका पेरली. उत्तर शोधण्यासाठी तो भाबडा जीव बर्फ पडत असताना छतावर जाऊन बसला. मारियाने ऑस्करची चांगलीच खरडपट्टी काढली, तेव्हा ओशाळलेला ऑस्करही त्याच्या शोधात निघाला. त्यानंतर तो गोडबोल्या झाला, असे मात्र नाही.

अंतःकरण सोन्याचे की नाही?

या पात्राविषयी त्याच्या निर्मात्यांतही एकमत नव्हते. ऑस्कर वरून काटेरी असला तरी आतून सोन्यासारखा आहे, असे स्पिनी मानत. स्टोन यांना हे मुळीच मान्य नव्हते; त्यांच्या मते तो आतबाहेर सारखाच कुजका होता. दोघेही आपापल्या जागी बरोबर असावेत. फणसासारख्या माणसाशी जुळवून घेणे सोपे, कारण आत गरे आहेत हे ठाऊक असते. गरे मिळतील याची खात्री नसताना जुळवून घेणे, ही खरी परीक्षा.

बाहेरून झालेली टीका अधिक बोचरी होती. हा कार्यक्रम गरीब वस्तीतील मुलांसाठी आहे; त्यांना कचऱ्याच्या डब्यात मजेत राहणारा प्राणी दाखवणे म्हणजे वाट्याला आलेल्या घाणीत समाधान माना असे शिकवणे होय, असा आक्षेप सत्तरच्या दशकात घेतला गेला. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मात्र ऑस्कर डब्यात नाइलाजाने राहत नाही. ते त्याने स्वतः निवडलेले घर आहे आणि कोणी चांगले घर देऊ केले तर तो संतापतो.

देशोदेशीचे खडूस

कार्यक्रमाच्या परदेशी आवृत्त्यांतही ऑस्करचे भाऊबंद निघाले. जर्मनीतील रुम्पेल पावसाचे पाणी साठवण्याच्या पिंपात राहतो, इस्रायलमधील मोइशे ऊफनिक मोडक्या मोटारीत, तर तुर्कस्तानातील किरपिक टोपलीत. २००६ मध्ये सुरू झालेल्या 'गली गली सिम सिम' या हिंदी आवृत्तीत चमकी आणि बूम्बा यांच्या जगात 'खडूसा' होता. त्याचे नाव मराठी मुलांना समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

एक हात, दोन स्वभाव

सर्वांत विलक्षण योगायोग बाहुलीकाराचा आहे. सहा वर्षांच्या मुलासारखा निरागस बिग बर्ड आणि तिरसट ऑस्कर ही दोन टोके सुमारे अर्धशतक एकाच माणसाने, कॅरोल स्पिनी यांनी, सांभाळली. २०१८ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा ऑस्करची सूत्रे एरिक जेकबसन यांच्याकडे गेली. ८ डिसेंबर २०१९ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी स्पिनी यांचे निधन झाले.

ऑस्करचे काम मात्र थांबलेले नाही. २०२३ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने कचऱ्यापासूनही बनू शकणाऱ्या विमान इंधनाच्या प्रचारासाठी त्याला 'कचरा अधिकारी' नेमले. जगाने टाकून दिलेल्या वस्तूंत मोल पाहणारे हे पात्र असे अचानक काळाच्या बरोबर आले. हे कौतुक ऐकून त्याने झाकण आपटले असते, हे सांगायला नकोच.