२९ ऑगस्ट १८३१ : फॅरेडेंची सुई हलली

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी या दिवशी मऊ लोखंडाचं एक कडं हाती घेतलं. बाहेरचा व्यास ६ इंच, जाडी इंचाला जरा कमीच. त्याच्या एका अंगाला तांब्याच्या तारेची वेटोळी, समोरच्या अंगाला दुसरी. तारा एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये दोरा आणि सुती कापड. तरुणपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला माणूस तो. असल्या कामाला हात सरावलेलेच होते.

पहिलं वेटोळं बॅटरीला जोडताच दुसऱ्याच्या तारेजवळची चुंबकसूची थरथरली आणि पुन्हा जागेवर येऊन थांबली. बॅटरी चालूच, सुई मात्र ढिम्म. जोडणी तोडली, तेव्हा परत हलली. खरी गंमत इथेच आहे : दुसऱ्या तारेत वीज वाहायला चुंबकत्व नुसतं असून भागत नाही, ते बदलावं लागतं. १७ ऑक्टोबरला त्यांनी वेटोळ्यात साधा चुंबक आत-बाहेर केला, तरी वीज वाहिली. २४ नोव्हेंबरला हे संशोधन रॉयल सोसायटीपुढे वाचलं गेलं. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनाही हेच स्वतंत्रपणे गवसलं होतं, पण छापून आणायला त्यांनी उशीर केला आणि मान फॅरेडेंकडे गेला.

धरणाच्या पायथ्याचं जनित्र हे त्या हलत्या चुंबकाचंच थोरलं रूप. आणि गल्लीच्या कोपऱ्यावर दिवसरात्र गुणगुणणारी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, थेट त्या कड्याच्या वंशातली. मूळ कडं रॉयल इन्स्टिट्यूशनने अजून जपून ठेवलं आहे.