कलेचा हिशेब : ट्रॉम्बेचा एक विसरलेला धागा

घाटकोपरहून मानखुर्दच्या रस्त्याने गेले की पुढे ट्रॉम्बेचा डोंगर लागतो. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. त्याचे नाव निघाले की आपल्याला वीज किंवा बॉम्ब आठवतो; लहरींची कला आठवत नाही.

कला म्हणजे लहर आपल्या आवर्तनात कुठवर आली याची खूण. चंद्राच्या कलेसाठी वापरतो तोच हा शब्द. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेत ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. त्याच वर्षी बंगळुरूत एस. पंचरत्नम या तरुण संशोधकाने दाखवून दिले, की प्रकाशाचे ध्रुवीकरण फेरा मारून मूळ स्थितीत आले, तरी त्याची कला मूळपदावर येतेच असे नाही. फेऱ्याच्या आकाराची खूण तिच्यात उरते. १९८४ मध्ये मायकेल बेरी यांनी हेच तत्त्व पुंजयामिकीत स्वतंत्रपणे मांडले.

न्यूट्रॉनही लहरीसारखा वागतो. १९७५ मध्ये अमेरिकेत कोलेला, ओव्हरहाउझर आणि वर्नर यांनी सिलिकॉनच्या स्फटिकाने न्यूट्रॉनचा झोत दुभंगला, एक वाट दुसरीपेक्षा उंच ठेवली आणि गुरुत्वाकर्षणाने पडलेला कलेतला फरक मोजला. पण कलेत दोन हिस्से मिसळलेले असतात : एक ऊर्जा आणि काळ यांचा, म्हणजे गतिक, दुसरा फेऱ्याच्या आकाराचा, म्हणजे भौमितिक. ते वेगळे कसे करायचे?

ट्रॉम्बेचे अपूर्व वाघ आणि वीरचंद राखेचा यांनी व्हिएन्ना आणि मिसूरी येथील सहकाऱ्यांसह केलेला प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूट्रॉनच्या दोन्ही वाटांवर त्याची फिरकी उलटवणारे एकसारखे साधन ठेवले होते. ही साधने एकमेकांच्या सापेक्ष सरकवली, की फक्त गतिक कला बदले. वळवली, की फक्त भौमितिक. एकाच बेरजेतल्या दोन रकमा अशा वेगळ्या वाचता आल्या.

पुढची वाट अतिशीत अणूंची. १९९१ मध्ये कॅसेविच आणि चू यांनी लेसरने थंड केलेल्या, खाली पडणाऱ्या अणूंच्या लहरींवरून गुरुत्वत्वरण मोजले. स्थिर बळाखाली त्वरण पावणाऱ्या लहरीच्या कलेत काळाच्या घनाप्रमाणे वाढणारे एक पद असते. केनार्ड यांच्या १९२७ च्या गणितातले हे पद अलीकडे अतिशीत अणूंवर प्रत्यक्ष मोजले गेले आहे.

साधने बदलली, प्रश्न तोच राहिला : हाती आलेल्या कलेतला कोणता वाटा कुठून आला? हा हिशेब चोख मांडणाऱ्यांत आपल्या उपनगरातली दोन माणसे होती. ट्रॉम्बेचा इतिहास लिहिताना त्यांचे पानही त्यात असावे.