एका दमलेल्या शेतकऱ्याच्या चित्रावर पॅरिसमध्ये एवढा वाद का झाला?

'कुदळ घेतलेला माणूस' हे झाँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं वास्तववादी शैलीतलं गाजलेलं तैलचित्र. 1860 ते 1862 दरम्यान रंगवलेलं हे चित्र 1863 मध्ये पॅरिसच्या 'सलाँ' या प्रतिष्ठित प्रदर्शनात लागलं आणि त्यावर टीकेची झोड उठली.

चित्रात नेमकं काय आहे?

दगडांनी आणि काटेरी तणांनी भरलेलं रान. त्यात कुदळीच्या दांड्यावर अंगाचा सगळा भार टाकून एक माणूस वाकून उभा आहे. पायात लाकडी जोडे, तोंड उघडं, नजर शून्यात. दूरवर धूर दिसतो. काम संपलेलं नाही, तो फक्त श्वास घ्यायला थांबलाय.

मग आक्षेप कशाला?

ग्रामीण जीवनाची चित्रं शहरी रसिकांना आवडत होती, पण त्यातला शेतकरी नीटनेटका आणि समाधानी असावा, ही अपेक्षा होती. त्यात 1848 च्या क्रांतीला जेमतेम 15 वर्षं झाली होती. कष्टाने पिचलेला हा माणूस अनेकांना कुरूप वाटला, काहींना धोकादायकही. मिले समाजवादी प्रचार करतात, असा आरोप झाला. व्यंगचित्रंही निघाली.

मिले यांचं उत्तर काय होतं?

1814 मध्ये नॉर्मंडीतल्या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या मिले यांनी लहानपणी स्वतः शेतात काम केलं होतं. हा आरोप त्यांनी मित्र आल्फ्रेद सांसिए यांना लिहिलेल्या पत्रात फेटाळला. रानातली फुलं, सूर्याचं तेज आपल्यालाही दिसतं. पण त्याच रानात सकाळपासून राबणाऱ्याचा धापा टाकण्याचा आवाजही ऐकू येतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

पुढे काय झालं?

हे चित्र नंतर अमेरिकेत गेलं. त्यावरून एडविन मार्कम यांनी लिहिलेली कविता 1899 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात छापून आली आणि देशभर गाजली. मिले यांनी नाकारलेला राजकीय अर्थ त्या कवितेने उघडपणे मांडला: या माणसाची ही अवस्था कोणी केली?

1985 पासून हे चित्र लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. त्यात घोषणा नाही, झेंडा नाही. राबणाऱ्याचा थकवा न लपवता दाखवणं, एवढंच पाहणाऱ्यांना अस्वस्थ करायला पुरलं.