पहिल्या डावाची आघाडी : वऱ्हाडचा प्रेक्षक आणि रणजी करंडकाची बाद फेरी

बुलढाणा जिल्ह्याची जी सीमा जळगाव आणि जालना जिल्ह्यांना भिडते, ती महसुलाइतकीच क्रिकेटचीही सीमा आहे. मलकापूरचा खेळाडू विदर्भाच्या संघाकडे पाहतो, तर शेजारच्या मुक्ताईनगरचा महाराष्ट्राच्या संघाकडे, आणि दोघे एकाच राज्याचे रहिवासी असूनही रणजी करंडकात, म्हणजे १९३४-३५ पासून चालत आलेल्या भारताच्या प्रथम श्रेणी स्पर्धेत, त्यांचे संघ परस्परांविरुद्ध उभे राहतात. याचे मूळ राज्यरचनेच्या इतिहासात आहे. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलेला वऱ्हाड, म्हणजे बुलढाण्यासह विदर्भाचा पश्चिम भाग, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, त्यामुळे रणजीच्या पहिल्याच हंगामात ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ असा संघ खेळला. पुढे १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, तरी क्रिकेटचा कारभार मुंबई-पुण्याकडे गेला नाही, आणि १९५७-५८ पासून विदर्भाचा स्वतंत्र संघ मैदानात उतरू लागला.

या संघाने आपल्या प्रेक्षकाला दीर्घकाळ फारसा ताण दिला नाही, कारण जिंकण्याची शक्यताच क्वचित निर्माण होई. विदर्भाच्या पदार्पणानंतरच्या हंगामापासून, १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे, मुंबईने करंडक आपल्याकडे ठेवला. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकणाऱ्या वऱ्हाडी श्रोत्याने काळजी वाहिली ती बहुतांशी भारताच्या संघाची किंवा उसन्या घेतलेल्या मुंबईची. १९९१ च्या अंतिम सामन्यात हरियाणाने मुंबईला वानखेडेवर अवघ्या २ धावांनी हरवले आणि नाबाद १३९ धावा करूनही दिलीप वेंगसरकरांना अश्रू आवरले नाहीत, तेव्हाची हळहळही या अर्थाने परक्या घरची होती. घरची चुरस वऱ्हाडाला माहीत होती ती शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, किंवा जत्रेतल्या कुस्त्यांची. पण तिथे निकाल काही सेकंदांत अथवा मिनिटांत लागतो, आणि धाकधूक वाढायला तेवढा अवधी पुरत नाही.

रणजीच्या बाद फेरीतील धाकधुकीचे स्वरूप त्या स्पर्धेच्या नियमांनी घडवलेले आहे. बाद फेरी म्हणजे उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे सामने, ज्यांत हरणारा संघ स्पर्धेबाहेर जातो. अमेरिकेतील बेसबॉलच्या निर्णायक टप्प्यात दोन संघ सातपर्यंत सामने खेळतात आणि चार जिंकणारा पुढे जातो, त्यामुळे एका दिवसाची हार दुसऱ्या दिवशी भरून निघू शकते. रणजीत मात्र एकच सामना असतो, तो पाच दिवस चालतो, आणि दोन्ही डाव पूर्ण न होता तो अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याने अधिक धावा केल्या तो संघ पुढे जातो. या तरतुदीमुळे खरी कसोटी अनेकदा तिसऱ्याच दिवशी होते, आणि शेवटच्या फलंदाजाची एकेक धाव संघाचे वर्ष ठरवते.

विदर्भाच्या प्रेक्षकाला या कसोटीची खरी ओळख डिसेंबर २०१७ मध्ये झाली. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, फैज फझल कर्णधार आणि मुंबई सोडून आलेला वसीम जाफर संघात, अशी ती जुळणी होती. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवरील उपांत्य सामन्यात पहिल्या डावात ११६ धावांनी मागे पडूनही विदर्भाने कर्नाटकापुढे १९८ धावांचे लक्ष्य ठेवले, आणि चौथ्या दिवसअखेर कर्नाटक ७ बाद १११ वर होते. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडून पाऊसपाण्याचे भाकीत पहाटेपर्यंत राखून ठेवतात, तशीच ही रात्र होती. फरक इतकाच की घटाचे भाकीत खरे ठरले की नाही हे कळायला अख्खा हंगाम जावा लागतो, तर इथे सकाळच्या सत्रातच उत्तर मिळणार होते. कर्नाटकाच्या तळाच्या फलंदाजांनी लक्ष्य जवळ आणत आणत १९२ पर्यंत मजल मारली, पण रजनीश गुरबानीने ६८ धावांत ७ गडी टिपले आणि विदर्भ ५ धावांनी जिंकला. इंदूरच्या अंतिम सामन्यात १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला ९ गड्यांनी हरवून करंडक प्रथमच विदर्भात आला. त्या सामन्यात गुरबानीची हॅट्‌ट्रिक असली तरी काळजाचा ठोका चुकावा असे फारसे काही घडले नाही.

पुढच्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. २०२४ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध ५३८ धावांचा पाठलाग करताना अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी शेवटच्या दिवशी सकाळचे सत्र गडी न गमावता खेळून काढले, आणि मग संघ ३६८ वर संपला. हरण्याआधी आशा लावणारे पराभव अधिक दिवस सलतात, हे त्या प्रेक्षकाला नव्याने समजले असावे.

२०२५ चा अंतिम सामना मात्र आघाडीच्या नियमाचाच होता. समोरचा केरळचा संघ उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर १ धावेची आणि उपांत्य फेरीत गुजरातवर २ धावांची आघाडी घेऊन आला होता. गुजरातचा शेवटचा फटका जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आदळून स्लिपमधील केरळच्या सचिन बेबीच्या हातात गेला, तेव्हा कुठे ती आघाडी निश्चित झाली. असा प्रतिस्पर्धी कोणत्याही धावसंख्येवर स्वस्थ बसू देत नाही. जामठ्यात विदर्भाच्या ३७९ धावांना उत्तर देताना तोच बेबी ९८ वर बाद झाला, केरळचा डाव ३४२ वर आटोपला, आणि ३७ धावांची आघाडी मिळताच करंडक जवळपास निश्चित झाला. चौथ्या दिवशी विदर्भाचे दोन गडी झटपट गेल्याने थोडी धास्ती पुन्हा डोकावली, पण करुण नायरच्या १३५ धावांनी ती मिटवली. हंगामात ६९ बळींचा विक्रम करणाऱ्या हर्ष दुबेला शेवटच्या डावात चेंडू हाती घ्यावाच लागला नाही. विदर्भ ९ बाद ३७५ वर असताना दोन्ही कर्णधारांनी सामना थांबवला.