रसद-प्रशिक्षणाचे खेळ

सैन्याला अन्न, दारूगोळा, इंधन व सुटे भाग वेळेवर पोहोचवण्याचे नियोजन शिकवणाऱ्या खेळांना रसद-प्रशिक्षणाचे खेळ म्हणता येते. लढाईच्या खेळांत रसदीला दीर्घकाळ दुय्यम स्थान होते.

ब्रुन्सविकच्या योहान हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाच्या आधारे युद्धखेळ रचला. त्यावरून प्रेरणा घेऊन योहान व्हेंट्युरिनी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बेतलेल्या खेळात रसदीचे तांडे, पाव भाजण्याच्या फिरत्या भट्ट्या आणि ऋतुमानाचे परिणामही होते. १८२४ मध्ये राइसविट्झ यांनी सिद्ध केलेला ‘क्रीग्सश्पील’ प्रशियाच्या सैन्यात रुजला. तथापि १:८००० प्रमाणाच्या नकाशावरील या खेळाचा भर रणांगणावरील हालचालींवर होता. भाकरी आणि वैरण पुन्हा मागे पडली.

केवळ पुरवठ्यावर बेतलेला विशेष उल्लेखनीय खेळ म्हणजे ‘मोनोपोलॉग्ज’. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने १९५० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाच्या पुरवठा-व्यवस्थेवरून तो तयार केला. यात शत्रू नसतोच. खेळाडू सुट्या भागांचा साठा सांभाळणारा अधिकारी असतो; मध्यवर्ती कोठारातून त्याला हवाई तळांची मागणी भागवायची असते. मागणी अनिश्चित, आणि मागवलेला माल येण्यास विलंब लागतो. साठा जास्त झाला तर खर्च वाढतो, कमी पडला तर तातडीची खरेदी महागात पडते. अनेक महिन्यांचे निर्णय काही तासांत घेऊन त्यांचे परिणाम लगेच दिसतात, हे त्याचे खरे बलस्थान. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५७ मध्ये वापरात आणलेल्या व्यवस्थापन-खेळाआधीचा हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो.