दत्तकविधान आणि पालकांचे वय

अल रुवैस : कतारच्या कायद्यात पूर्ण दत्तकविधान नाही, ‘कफाला’ म्हणजे केवळ संगोपनाची जबाबदारी. त्यामुळे येथील मराठी दाम्पत्यांना भारतीय कायद्याचाच आधार घ्यावा लागतो.

मुंबई इलाख्यातील जुन्या हिंदू कायद्यात दत्तकाचा हेतू वंश व पिंडदान हा असल्याने वयाची बंधने सैल होती. दत्तकपुत्र दत्तक घेणाऱ्यापेक्षा थोर असला तरी चाले. १८७५ साली जमनाबाईंनी कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना, म्हणजे पुढील सयाजीराव गायकवाडांना, दत्तक घेतले तेव्हा त्या स्वतः विशीत होत्या.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तक घेणारी व्यक्ती सज्ञान असण्याची अट घातली. दत्तक घेणारी व्यक्ती व मूल भिन्नलिंगी असल्यास २१ वर्षांचे अंतर आवश्यक ठरवले.

केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या (‘कारा’) २०२२ च्या नियमावलीत मूल व पालक यांच्यात किमान २५ वर्षांचे अंतर हवे. पतिपत्नींच्या वयांची कमाल बेरीज अशी :

• २ वर्षांपर्यंतचे मूल : ८५
• २ ते ४ वर्षे : ९०
• ४ ते ८ वर्षे : १००
• ८ ते १८ वर्षे : ११०

एकल पालकांसाठी हीच मर्यादा अनुक्रमे ४०, ४५, ५० व ५५ वर्षे आहे. वय नोंदणीच्या दिवशीचे धरतात. म्हणजे ४४ वर्षांचा पती व ४२ वर्षांची पत्नी यांना तान्हे मूल मिळू शकत नाही. वर्षभर आधी नोंदणी केली असती, तर मिळू शकले असते.

कतार १९९३ च्या हेग दत्तक करारात नसल्याने इच्छुकांनी प्रथम दोहा येथील भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा.