लोकशाहीची खतावणी

माणसाला मोजण्याचा भारी सोस. तो दुधात लॅक्टोमीटर बुडवतो, काखेत थर्मामीटर धरतो आणि जावयाची योग्यता पगाराच्या आकड्यावरून ठरवतो. तेव्हा लोकशाहीलाही कुणीतरी काटा लावणार हे उघडच होते. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यातून बँकेतला कारकून. आकडे दिसले की बेरीज लागते का ते पाहिल्याशिवाय घास उतरत नाही. म्हणून या विद्वानांच्या वह्या जरा चाळल्या.

पहिली वही ‘पॉलिटी’. ही अमेरिकेतल्या टेड गर यांनी सुरू केली. सन १८०० पासून देशांना उणे १० ते अधिक १० असे गुण. राज्यशास्त्रातही ओव्हरड्राफ्टची सोय आहे हे पाहून मला बरे वाटले. या वहीत स्वित्झर्लंडला १८४८ पासून पैकीच्या पैकी! आता गंमत पाहा. तिथे बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला १९७१ साली. १९५९ मध्ये पुरुषांना विचारले, तर तिघांतल्या दोघांनी चक्क ‘नाही’ म्हणून सांगितले. न्यूझीलंडने हेच काम १८९३ मध्ये उरकले होते. आपल्याकडे तर १९५१-५२ च्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत बायका रांगेत उभ्या होत्या. पण ‘पॉलिटी’ मतदार किती हे मोजतच नाही. राज्यकर्ता निवडतात कसा आणि त्याला लगाम आहे का, असले बघते. हे घरी सांगितले तेव्हा आमची ही मेथी निवडता निवडता म्हणाली, “म्हणजे निम्मे घर उपाशी, तरी स्वयंपाकाला दहापैकी दहा!”

दुसरी वही फिनलंडच्या टाटू वानहानेन यांची. ही मला फार आवडली, कारण तिच्यात सरळव्याजासारखा हिशेब आहे. शंभरातून सर्वांत मोठ्या पक्षाच्या मतांची टक्केवारी वजा करायची, ती स्पर्धा. एकूण लोकसंख्येपैकी किती टक्के लोकांनी मत दिले, तो सहभाग. दोहोंचा गुणाकार, भागिले १००. मोठ्या पक्षाला ४५ टक्के मते आणि शंभरातल्या ३० जणांचे मतदान, तर उत्तर साडेसोळा. पण या शंभरात पाळण्यातली पोरेही आली. म्हणजे गावात बारसे झाले की लोकशाही तेवढी उतरली!

तिसरी वही ॲडम प्शेवोर्स्की आणि मंडळींची. इथे गुणबिण काही नाहीत. लोकशाही आहे, नाहीतर नाही. निवडणूक हरलेला सत्ताधारी घरी जातो का, ही कसोटी. बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला. निवडणुका वेळच्या वेळी, पण जिंकणारा पक्ष एकच. हरला तर खुर्ची सोडेल का, हे हरल्याशिवाय कळायचे कसे? तेव्हा त्याला लोकशाहीत धरले नाही. मग २०२४ मध्ये तो पक्ष हरला आणि राष्ट्राध्यक्ष मुकाट्याने पायउतार झाले. या नियमाने आता ५८ वर्षांच्या नोंदी मागील तारखेपासून फिरवायला हव्यात.

“वा!” आमचे हेड कॅशियर म्हणाले. “म्हणजे आपण लोकशाहीत जगलो हे तिथल्या माणसाला म्हातारपणी कळायचे!”

मी म्हटले, “साहेब, आपलेही तेच. केंद्रात सत्ताधारी पक्ष पहिल्यांदा हरला १९७७ मध्ये. तो निमूट गेला, तेव्हा कुठे मागच्या पंचवीस वर्षांच्या व्हाउचरांवर सही पडली.”

“आणि त्याआधीचे एकवीस महिने? आणीबाणीत आत टाकलेल्या माणसांना ती सही दाखवणार का?”

याला उत्तर नव्हते. फ्रीडम हाऊसच्या वहीत मात्र त्या काळात भारत ‘मुक्त’ वरून ‘अंशतः मुक्त’ वर उतरलेला आहे. म्हणून एका वहीवर विसंबू नये. बँक खरी की खोटी हे खातेदार काउंटरवर येऊन “माझे पैसे द्या” म्हणतो तेव्हाच कळते हे खरे, पण तोवर रोजची शिल्लकही तपासावीच लागते.

राहता राहिले आमच्या सोसायटीचे चेअरमन. एकोणीस वर्षे बिनविरोध! वानहानेनच्या सूत्राने शून्य, प्शेवोर्स्कींच्या नियमाने सस्पेन्स खाते. हे ऐकून आमची ही मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, “यंदा मीच उभी राहते. एकदा हरवून तर बघू, सोडतात का!”